शाल, श्रीफळ आणि वाळलेली रोपं

आमच्या टेकडीवरची जी रोपं मेली, ती सगळीच पावसाने दगा दिला म्हणून मेली नाहीत. बरीचशी मी भरवलेल्या सत्कार समारंभांनी मारली. वार्षिक अहवालात हे कधी आलं नाही. तिथे 'प्रतिकूल हवामानामुळे' असं लिहायची पद्धत आहे आणि ती पद्धत मीच पाडली.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, पाऊस हात राखून पडतो अशा पट्ट्यातलं आमचं गाव. गावामागे टेकडी. वरचा भाग वनखात्याचा, पायथ्याचं गायरान ग्रामपंचायतीचं. गावातल्या काही मंडळींनी तिथे झाडं लावायचं मनावर घेतलं. तालुक्याच्या गावातून रविवारी येणारे डॉक्टर, शिक्षक, कॉलेजची मुलं त्यांना येऊन मिळाली. मी पतसंस्थेत हिशेब सांभाळते, म्हणून मला सचिव केलं. टिकाव मारणारे पुष्कळ होते, वही लिहिणारं कुणी नव्हतं. मी वही आखली. तारीख, नाव, लावलेली रोपं, एवढे तीन रकाने. चौथा रकाना मला सुचला नाही आणि पुढचा बराचसा घोळ त्या न सुचलेल्या रकान्याचा आहे.

काळही आकड्यांचाच होता. 1 जुलै 2016 रोजी राज्य सरकारने 2 कोटी रोपांचा संकल्प सोडला. पुढे 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 च्या पावसाळ्यात 33 कोटी अशी उद्दिष्टं चढत गेली. त्याच सुमारास जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेने आमचा भाग ढवळून निघाला होता. 2016 साली, पहिल्याच वर्षी, कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं आणि 50 लाखांचं बक्षीस घेऊन गेलं. आधी श्रमदान, मग मोजमाप, मग गुण, मग बक्षीस हा क्रम पंचक्रोशीत पोराटोरांना पाठ झाला. मला वाटलं, पाण्याचं जमतं तर झाडांचं का जमू नये?

समतल चर खणला की त्याच दिवशी टेप लावून मोजता येतो. मोजणी झाली की काम झालं, पुढच्या पावसात तो आपलं आपण पाणी धरतो. रोप ज्या दिवशी मोजलं जातं, त्या दिवशी त्याचं काम नुसतं सुरू झालेलं असतं. पुढे तीन उन्हाळे, एखाददुसरा वणवा, शेळ्या, वाळवी हे सगळं बाकी असतं. अक्षता पडल्या पडल्या सुखी संसाराचं प्रमाणपत्र वाटावं, तसा माझा प्रकार होता. पण तो तेव्हा कळला नाही. मी 'वृक्षवीर' पुरस्कार जाहीर केला. हंगामात सर्वांत जास्त रोपं लावील त्याला शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह.

आमच्याकडे खड्ड्याचं माप ठरलेलं होतं. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. तो एप्रिल-मेमध्ये खणून ठेवायचा आणि ऊन खाऊ द्यायचा. वरची माती एका अंगाला, खालचा मुरूम दुसऱ्या अंगाला. भरताना वरची माती शेणखत मिसळून तळाशी घालायची, रोपाची पिशवी ब्लेडने उभी फाडायची, मातीचा गोळा न फुटता रोप बसवायचं, पायाने हलकं दाबायचं, उताराच्या खालच्या बाजूला आळं करायचं. मुरमाड जमिनीत एवढं करायचं तर तरणाबांड माणूसही सकाळभरात मोजकेच खड्डे करतो. पुरस्कार जाहीर झाला आणि आमच्या माणसांची गती वाढली. मी खूष. वहीची पानं भराभर भरत होती.

त्या हिवाळ्यात देणगीदारांना दाखवायला फोटो हवेत म्हणून मी वर गेले. पुरस्कार मिळवलेल्या गड्याच्या ओळीतलं करंजाचं एक वाळकं रोप धरून ओढलं, तर ते मुळासकट हातात आलं. मुळासकट म्हणजे पिशवीसकट. काळं प्लॅस्टिक जसंच्या तसं, रोपवाटिकेतली माती आत आवळलेली, आणि मुळं तळाशी गोल गोल फिरून स्वतःलाच गुंडाळून बसलेली. खड्डा जेमतेम वीतभर. शेजारचं रोप ओढलं, तीच गत. पिशवी फाडून गोळा सांभाळत रोप बसवायला जो वेळ लागतो, त्यात पिशवीसकट दुसरं रोप लावून होतं आणि वहीत आकडा चढतो. त्याने काही फसवणूक केली नव्हती. मी जे मोजत होते ते त्याने मला भरपूर दिलं.

आता शहाणी झाले असं वाटून पुढच्या वर्षी मी निकष बदलला. लावलेली रोपं मोजायची नाहीत, जगलेली मोजायची. उन्हाळा संपताना ज्याची जास्त रोपं हिरवी असतील तो वृक्षवीर. निकष ऐकायला रास्त होता. परिणाम असा झाला, की जांभूळ, बेहडा, शिवण, काटेसावर असली सांभाळायला अवघड रोपं कुणी हातात धरेना. जो तो गिरिपुष्पाच्या मागे. त्याची फांदी नुसती खोचली तरी फुटते. शिवाय पायथ्याला पाण्याची टाकी, म्हणून सगळ्यांना पायथ्याचीच जागा हवी. चढावरची ओळ कुणाच्या वाट्याला आली की रुसवे-फुगवे. जगण्याचं प्रमाण कागदावर झकास वाढलं. टेकडीच्या एका अंगाला एकाच परदेशी झाडाची दाटी झाली आणि माथा होता तसाच राहिला. ज्याचा सत्कार कराल ते वाढतं, तेवढंच वाढतं, हे मला दोन पावसाळे गेल्यावर उमगलं.

समारंभाचीही एक कथा आहे. तो आम्ही जुलैच्या पहिल्या रविवारी घ्यायचो, वनमहोत्सवाच्या आठवड्यात. कन्हैयालाल मुन्शींनी 1950 साली वनमहोत्सव सुरू केला तो पावसाळ्याच्या तोंडावर, कारण लागवडीचे दिवस तेच. आम्ही नेमक्या त्या दिवसांत खुर्च्या मांडून बसायचो. दोन चांगले पाऊस झालेले, जमीन वाफशावर आलेली, आणि ज्यांच्या हाताला काम कळतं ती सगळी माणसं मंडपात पाहुण्यांची वाट बघत बसलेली. पाहुणे दुपारी यायचे. त्यांच्यासाठी खड्डा तयार, रोप तयार, हात धुवायला तांब्या तयार. त्यांनी माती लोटायची, फोटो निघायचा, मग भाषण. भर पावसाळ्यात सत्कारमूर्ती लोकरी शाल पांघरून घामाघूम.

एका वर्षीच्या अहवालावर पाहुण्यांचा रोप लावतानाचा फोटो छापला. मूळ फोटोत डाव्या बाजूला घमेलं धरून उभा असलेला माणूस होता. तो खड्डा त्याने खणला होता, रोप त्याने आणून ठेवलं होतं. मांडणी नीट बसावी म्हणून मी त्याला कापला. कापताना मनात काहीही आलं नाही. अहवालाची प्रत त्याच्याही घरी पोचवली, सहीनिशी पोचवली.

पैशांबाबत मी जे केलं ते याहून वाईट. उन्हाळ्यात पाणी घालायला वाडीतल्या बायका मजुरीवर यायच्या. टाकीतून हंडे भरून चढावर न्यायचे, प्रत्येक आळ्यात मापाने ओतायचे, वर वाळल्या गवताचं आच्छादन सरकवून ठेवायचं. पावसाळ्यात रोपं लावणारे पुष्कळ, चैत्र-वैशाखात ती जगवणाऱ्या या बायका. सत्काराच्या यादीत त्यांतली एकही नव्हती. का, तर त्यांना पैसे मिळतात, त्या स्वयंसेवक नव्हेत. एवढं म्हणून मी थांबले असते तरी एकवेळ चाललं असतं. पण एका वर्षी देणगी उशिरा आली, खात्यात रक्कम थोडी होती, आणि मंडप, फ्लेक्स, शाली, जेवण यांचं बिल आणि बायकांची मजुरी एकदम समोर आली. मी मंडपाचं बिल आधी भागवलं. मंडपवाला दारात येऊन बसायचा, बायका येत नसत. मजुरी पुढच्या महिन्यावर गेली. ज्यांचे पैसे थकवले त्यांच्याच हातून जगलेल्या झाडांसाठी आम्ही दुसऱ्याच कुणाला शाली पांघरत होतो, आणि त्या शालींचे पैसेही थकवलेल्या मजुरीतूनच गेले होते. हिशेबनीस म्हणून मला हे कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण वाडीतून आवाज उठणार नाही याची खात्री होती आणि तिच्यावर मी निर्धास्त होते.

रोख बक्षिसाचाही प्रयोग करून झाला. एका देणगीदाराने चांगलं काम करणाऱ्या गटाला पैसे द्यायचं कबूल केलं. त्या हंगामात गर्दी झाली. पुढच्या वर्षी बक्षीस नव्हतं, तेव्हा नवे तर आले नाहीतच, पण आधी फुकट येणारी काही मुलंही यायची थांबली. एकाने तोंडावर विचारलं, "मॅडम, यंदा काही नाही का?" पूर्वी त्याच्या डोक्यात हा प्रश्न नव्हता, तो मीच घातला. पुढे वाचनात आलं, की रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने 1970 साली रक्तदानावरच्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला होता. रक्ताला दाम लावला की आपणहून रक्त देणाऱ्याची भावना पातळ होते, असं त्याचं म्हणणं. अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर बराच वाद घातला. मला त्यातून एक भेद तेवढा स्पष्ट दिसला. वाडीतल्या बायकांना मजुरी हवी होती, ती त्यांचा हक्क होती, आणि ती मी लांबवली. कॉलेजच्या मुलांना पैसे नको होते, ते मी दाखवले. दोन्हीकडे नेमकं उलटं केलं.

प्रमाणपत्रांचंही तसंच. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांना वर्षाला 120 तासांचं काम दाखवावं लागतं. आम्ही तास भरून सह्या द्यायचो. ज्याने दिवसभर टिकाव चालवला आणि ज्याने दिवसभर सावलीत बसून मोबाइल बघितला, दोघांना एकाच छापाचा कागद. कष्ट करणाऱ्या मुलाने तो कागद घडी करून खिशात कोंबला, तेव्हा मला त्याची शिस्त खटकली होती.

आता पाटीचं प्रकरण. दिवंगत माणसाच्या नावाने झाड दत्तक घ्यायची योजना आम्ही काढली. देणगी घ्यायची, रोपाला नावाची पत्र्याची पाटी तारेने बांधायची. पैसे बरे आले. पण पाटी असलेल्या रोपांना घरची माणसं सुट्टीत येऊन बादली-बादली पाणी घालायची, आणि शेजारचं बिनपाटीचं रोप तहानलेलं राहायचं. दुसरं म्हणजे तार. खोड जाड होत गेलं की तार सालीत रुतायची. काही खोडांवर तिचे वळ उठले, एक-दोन झाडं तिथूनच वाऱ्याने मोडली.

एका गृहस्थांनी आईच्या नावाने जांभूळ लावलं होतं. ते पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. गृहस्थ दिवाळीला येणार होते. मी त्यांच्या आईची पाटी सोडली आणि वरच्या अंगाला जोमाने वाढलेल्या दुसऱ्या जांभळाला बांधली. ओळ चुकली असं त्यांना वाटू नये म्हणून खुणेचा दगडही हलवला. ते आले, झाडाशी बराच वेळ बसले, हात लावून बघितलं, जाताना पुढच्या वर्षाची देणगी देऊन गेले.

ते दुसरं जांभूळ पाणीवाल्या काकांचं होतं. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, रोज पहाटे दोन कॅन घेऊन चढणारे. त्यांच्या नावाची पाटी कुठेच नव्हती, कारण त्यांनी देणगी दिली नव्हती. पाटी बघितल्यावर त्यांनी मला विचारलं नाही. पक्कड आणून तार सैल केली आणि मग फोन केला. म्हणाले, "ताई, झाड कुनाच्या बी नावावर असूंद्या, माझी काय तक्रार न्हाई. पर त्यो मानूस येतो, झाडाशी आईगत बोलतो. त्याला खरं सांगा." मी सांगायला बराच उशीर केला. सांगितलं तेव्हा गृहस्थ चिडले. देणगी बंद झाली, संबंध तुटले, आणि तालुक्याच्या गावात माझ्याविषयी जे बोललं गेलं ते खोटं नव्हतं. त्यानंतर सगळ्या पाट्या उतरवल्या. उतरवण्याचं कारण मी अहवालात 'झाडांच्या आरोग्यासाठी' असं लिहिलं. तेही अर्धंच खरं.

सगळ्यांत लाज वाटावी असं प्रकरण मात्र शेळ्या राखणाऱ्या आजींचं आहे. वाडीच्या टोकाला त्यांचं घर. दिवसभर टेकडीवर. आमच्या अहवालात 'अडचणी' या मथळ्याखाली दरवर्षी एक ओळ असायची, 'शेळ्यांचा उपद्रव'. ती ओळ म्हणजे आजी. एका फाल्गुनात पलीकडच्या बांधावरून वणवा चढला. आमच्यातलं कुणीच वर नव्हतं. आजींनी वाडीत हाका घातल्या, बायका धावल्या, ओल्या फांद्यांनी झोडपून आग जाळरेषेपाशी रोखली. आम्ही पोचलो तेव्हा आजींच्या लुगड्याचा काठ जळलेला होता आणि त्या शेळ्या मोजत होत्या. मला बघून म्हणाल्या, "वरचं गवात गेलं बगा सगळं. दिवाळीपातुर काय चारायचं आता?"

तेव्हा पहिल्यांदा मी माथ्यावरच्या गवताबद्दल नीट विचारलं. आमच्या दृष्टीने माथा म्हणजे पडीक. दरवर्षी तिथे रोपं लावायचो, दरवर्षी मरायची. आजी म्हणाल्या, "तितं झाड न्हाई यायचं ताई. खाली समदा कातळ हाय. मारवेल हाय, पवना हाय, त्येच खरं पीक हाय तितलं." मग कुठे पाणी मुरतं, कुठली घळ उन्हाळ्यातही ओलसर असते, कुठे पूर्वी आपट्याची राई होती, हे त्यांनी एका बसण्यात सांगितलं. आम्ही नकाशे काढले होते, माती तपासली होती, आणि ज्या बाईला सगळं ठाऊक होतं तिला उपद्रवाच्या यादीत घातलं होतं. माळरान हे मोडलेलं जंगल नसतं. चंडोल, टिटवी, ससे यांचा आणि वाडीच्या जनावरांचा संसार त्या गवतावरच असतो. कातळावर खड्डे पाडून आम्ही रोपं तर मारलीच, वर गवतही उकरलं.

या सगळ्यावर मी एक तोडगा काढला, तोही चुकला. सत्कार सगळे बंद. शाल नाही, ट्रॉफी नाही, टाळी नाही, निष्काम काम करायचं. मला ते फार तात्त्विक वाटलं. वर्षभरात दोन जुनी माणसं गळली. त्यांतल्या एका निवृत्त शिक्षकांना मी घरी जाऊन कारण विचारलं. ते म्हणाले, "अहो, रविवारी गुडघे दुखत असताना वर येतो. कुणी तरी म्हणावं, सर, तुम्ही होतात म्हणून झालं. एवढीच अपेक्षा होती, त्यात काय चुकलं?" काहीच चुकलं नव्हतं. कौतुकाची भूक असणं हा दोष नाही. मी आधी ती भलत्याच अन्नाने भागवत होते आणि नंतर ताटच काढून घेतलं. शिवाय गंमत अशी, की या काळात तालुक्यातल्या एका मंडळाने मला 'वृक्षमित्र' म्हणून गौरवलं आणि मी तो गौरव नाकारला नाही. निष्कामपणाचा नियम इतरांसाठी होता.

मग दुसरी गावं हे कसं करतात ते बघायला लागले. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. जंगल राखल्याचं बक्षीस देण्याऐवजी, राखलेल्या जंगलातली कुठली भाजी कुठे उगवते आणि कशी रांधायची हे ज्या बायकांना कळतं, त्यांच्या त्या जाणतेपणालाच तिथे मान आहे. त्या गावाचे चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आनंद झाला. त्याच वेळी हेही जाणवलं, की असा किताब एकाच नावावर जातो, जंगल मात्र गावाने राखलेलं असतं. राज्याची संत तुकाराम वनग्राम योजना यासाठीच मला आवडते. तिचं बक्षीस समितीला आहे.

पण डोळे उघडले ते मेंढा (लेखा) गावाच्या गोष्टीने. गडचिरोलीतल्या या गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गावातला बांबू कुणी, केव्हा, कुणाला विकायचा हे ग्रामसभा ठरवू लागली. हा मी ऐकलेला सर्वांत मोठा सत्कार आहे. त्यात गौरवपर भाषण नाही. तुम्ही राखलंत, तर ठरवायचंही तुम्हीच, एवढा व्यवहार आहे. माझ्या सगळ्या समारंभांत हीच गोष्ट नव्हती. मी माणसांना व्यासपीठावर बोलावत होते, बैठकीला बोलावत नव्हते.

आता जे करतो ते काही फार मोठं नाही. वहीत रकाने वाढले आहेत. खड्डा कुणी खणला, उन्हाळ्यात पाणी कुणी दिलं, आच्छादन कुणी केलं, जाळरेषा कुणी काढली, हत्यारांना धार कुणी लावली, भाकऱ्या कुणी आणल्या. जुलैचा समारंभ बंद. वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले, की टेकडीवरच सगळे जमतो आणि वही वाचतो. मेलेल्या रोपांसकट वाचतो, माझ्या हातच्या मेलेल्यांसकट. कुणाला उद्देशून 'मोलाचं सहकार्य' म्हणायला बंदी आहे. 'घळीतली जांभळं मार्चमध्ये वाळत होती, सर, तुम्ही दिवसाआड कॅन चढवलेत म्हणून ती आहेत' असं नेमकं सांगायचं. ते निवृत्त शिक्षक परत आले. ऐकताना त्यांचा चेहरा जसा फुलतो तसा शालीने कुणाचा फुललेला मी पाहिला नाही. मजुरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बाकी सगळी बिलं नंतर. बैठका वाडीत, बायकांच्या सवडीने. त्या दिवशीची मजुरी बुडते म्हणून तीही देतो.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. देणगी देणाऱ्या कंपन्यांचे फॉर्म अजून 'लावलेल्या रोपांची संख्या' विचारतात आणि मी ती भरते, कारण मजुरीचे पैसे त्यातूनच येतात. पाहुण्यांच्या हस्ते रोप लावलं नाही म्हणून एका पुढाऱ्याने पाठ फिरवली, त्याचा फटका पाण्याच्या टाकीला बसला. काकांचा सत्कार आजवर नीट झालेला नाही. त्यांचं नाव वाचायला घेतलं की ते उठून जातात. त्यांना काय हवंय हे मी कधी विचारलंच नव्हतं. यंदा विचारलं, तर म्हणाले, चढावर मध्ये एक टाकी बसवा, गुडघं गेलं माझं.

गेल्या बैठकीत मी माथ्याच्या कडेने वड-पिंपळाची ओळ लावायचा प्रस्ताव मांडला. आजींनी डोकं हलवलं, वाडीतल्या बायकांनी त्यांना दुजोरा दिला, गवताची जागा सोडायची नाही असं ठरलं. माझ्या बाजूने दोन हात वर झाले, त्यांतला एक माझा. प्रस्ताव बहुमताने फेटाळण्यात आला, असं इतिवृत्तात मीच लिहिलं आणि खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. काकांची टाकी मात्र एकमताने मंजूर झाली. पुढच्या बैठकीत मजुरीचा दर वाढवण्याचा विषय आहे. शिल्लक बघता मी विरोध करणार आहे, आणि तिथेही हरेन असं दिसतंय.